उमरा कापूस : नाव वऱ्हाडचे, कसोटी कुणाची?

१/१०
संगणकाच्या पडद्यावरील चित्र ग्राफिक्स ड्रायव्हर ही आज्ञावली घडवते. तो ड्रायव्हर ठरलेल्या मानकानुसार आहे, हे सांगण्याचा अधिकार कुणाचा? त्या तपासणीचे शुल्क कुणी भरायचे? खुल्या स्रोताच्या जगात हा वाद सुमारे तीस वर्षे चालू आहे. वऱ्हाडच्या कापूस बाजाराने तो त्याच्याही शंभर वर्षे आधी अनुभवला. त्याची ही हकिकत.

२/१०
१८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. वऱ्हाडचा माल मुंबईमार्गे लिव्हरपूलला जाऊ लागला. अमरावतीचे जुने रूप ‘उमरावती’. त्यावरून व्यापाऱ्यांनी या मालाला नाव दिले ‘उमरा’.

३/१०
पुढे हे नाव गावापुरते उरले नाही. खानदेश आणि मध्य प्रांतातला आखूड धाग्याचा कापूसही ‘उमरा’ म्हणून विकला जाऊ लागला. उमरा ही आता व्यापारातली एक प्रत होती. माल या प्रतीत बसतो की नाही, हे मात्र अमरावतीत ठरत नसे. ते मुंबईत आणि लिव्हरपूलमध्ये ठरे.

४/१०
नावाला भाव आला की भेसळही येते. रुईत सरकी, माती, पाणी आणि हलक्या जातीचा कापूस मिसळल्याच्या तक्रारी वाढल्या. मुंबई सरकारने १८६३ मध्ये कापूस भेसळविरोधी कायदा केला आणि निरीक्षक नेमले. तपासणीचा भार व्यापारावर पडला, व्यापारी कुरकुरले आणि सुमारे दोन दशकांत ही व्यवस्था मोडीत निघाली. परक्याने लादलेली आणि खर्चिक तपासणी टिकली नाही.

५/१०
वऱ्हाडने दुसरी वाट धरली. १८८६ मध्ये कारंजा येथे हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातला हा पहिला नियंत्रित बाजार मानला जातो. पाठोपाठ १८९७ मध्ये वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायदा आला. येथे माल तपासण्याऐवजी व्यवहार तपासायचा होता. अडत्याला परवाना हवा, मापाऱ्याला परवाना हवा, वजने-मापे पडताळलेली हवीत आणि या साऱ्यासाठी बाजार समितीने शुल्क घ्यावे, अशी ही रचना होती.

६/१०
शुल्क आकारणे हा अन्याय नव्हे. काटा खरा आहे की खोटा हे कुणीतरी पाहावे लागते आणि पाहणाऱ्याचे पोट असते. बैलगाडी घेऊन आलेल्या कास्तकाराला परवानाधारक मापारी मिळणे ही मोठीच गोष्ट होती. खरी मेख समितीच्या रचनेत होती. तिच्या पाच सभासदांपैकी दोघे नगरपालिकेचे आणि तिघे कापूस व्यापारी असत. पिकवणाऱ्याला एकही जागा नव्हती.

७/१०
लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही कृषी आयोगाने १९२८ च्या अहवालात नियंत्रित बाजारांचा पुरस्कार केला, तसेच वऱ्हाडी नमुन्यातील या उणिवेवर बोटही ठेवले. महाराष्ट्राच्या १९६३ च्या कृषी उत्पन्न बाजार कायद्याने समितीत शेतकरी प्रतिनिधींना बहुमत दिले. तो लागू झाला १९६७ मध्ये. म्हणजे १८९७ पासून मोजले तर सत्तर वर्षांनी.

८/१०
आता पुन्हा ड्रायव्हरकडे. सिलिकॉन ग्राफिक्स या अमेरिकी कंपनीने १९९२ मध्ये ‘ओपनजीएल’ हे मानक आणले. ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये त्याच आज्ञा पाळणारी ‘मेसा’ ही आज्ञावली लिहायला घेतली आणि १९९५ मध्ये ती सर्वांना खुली केली. काम तेच करी, पण परवाना नसल्यामुळे ‘आम्ही ओपनजीएल आहोत’ असे म्हणण्याची तिला मुभा नव्हती. उमऱ्याच्या बाबतीत गावाचे नाव परक्या मालाला लागले होते. येथे गुण असूनही नाव लावता येत नव्हते.

९/१०
२००६ पासून हे मानक ख्रोनोस या उद्योगसंघाकडे आहे. चाचण्या उत्तीर्ण करा, निकाल सभासदांच्या समीक्षेसाठी द्या, शुल्क भरा आणि मग नाव लावा, हा त्यांचा रिवाज. २०१७ मध्ये ओपनजीएलच्या चाचण्या सर्वांसाठी खुल्या झाल्या. २०२३ मध्ये ॲपलच्या एम१ चिपसाठी स्वतंत्र विकासकांनी लिहिलेल्या खुल्या ड्रायव्हरला ओपनजीएल ईएस ३.१ चे अधिकृत प्रमाणपत्र मिळाले. खुद्द ॲपलच्या ड्रायव्हरकडे ते नव्हते.

१०/१०
मापाचा काटा सर्वांना दिसू लागला की दुबळ्यालाही आपला माल सिद्ध करता येतो. पण काटा दिसणे वेगळे आणि काट्याचे नियम ठरवणाऱ्यांत बसायला मिळणे वेगळे. कारंजा-अमरावतीच्या कास्तकाराला पहिली गोष्ट थोडीफार लवकर मिळाली, दुसरीसाठी दोन पिढ्या गेल्या. म्हणून कोणत्याही प्रमाणपत्राचा इतिहास वाचताना शुल्काच्या आकड्यावर थांबू नये. समितीच्या सभासदांची यादीही काढून वाचावी.