घोडीच्या मूत्रातून आलेली गोळी: रजोनिवृत्ती आणि संप्रेरकांचा इतिहास

१/ ९ जुलै २००२. अमेरिकेतील एका विशाल वैद्यकीय चाचणीचा महत्त्वाचा भाग मुदतीआधीच थांबवल्याचे जाहीर झाले. पाठोपाठ लक्षावधी स्त्रियांनी रजोनिवृत्तीच्या त्रासावरील संप्रेरकांच्या गोळ्या सोडल्या. कालपर्यंत वरदान म्हणून गाजलेले औषध एका दिवसात शाप कसे ठरले? #थ्रेड #इतिहास

२/ पाळी कायमची जाते, त्या सुमारास अंडाशयांतून स्रवणारे इस्ट्रोजेन घटते. अंगातून अचानक उसळणाऱ्या गरम वाफा, रात्रीचा घाम, तुटक झोप, हाडांची झीज हे त्याचे परिणाम. १९२९ मध्ये अमेरिकेत एडवर्ड डॉइझी आणि जर्मनीत अडॉल्फ ब्यूटेनान्ट यांनी इस्ट्रोन हे या गटातील संप्रेरक स्वतंत्रपणे शुद्ध स्वरूपात वेगळे केले.

३/ अडचण होती ती पुरवठ्याची. १९३० मध्ये बर्नहार्ड झोंडेक यांना गाभण घोडीच्या मूत्रात इस्ट्रोजेनचा मुबलक साठा आढळला. त्यातूनच माँट्रियलच्या एअर्स्ट कंपनीची गोळी तयार झाली. १९४१ मध्ये ती कॅनडात आणि १९४२ मध्ये अमेरिकेत आली. तिचे 'प्रेमारिन' हे नावसुद्धा 'प्रेग्नंट मेअर्स युरिन' या शब्दांच्या तुकड्यांतून घडलेले!

४/ १९६६ मध्ये न्यूयॉर्कचे स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट विल्सन यांचे 'फेमिनिन फॉरेव्हर' हे पुस्तक प्रचंड खपले. रजोनिवृत्ती ही आयुष्याची अवस्था नसून मधुमेहासारखा कमतरतेचा रोग आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांच्या प्रतिष्ठानाला औषध कंपन्यांचा पैसा मिळत होता. त्रासावरचा उपाय आता चिरतारुण्याचे आश्वासन म्हणून विकला जाऊ लागला.

५/ डिसेंबर १९७५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये दोन अभ्यास एकत्र प्रसिद्ध झाले. इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका एका अभ्यासात साडेचार पट, तर दुसऱ्यात साडेसात पटींहून अधिक आढळला.

६/ कारण उमगले, तसा मार्गही निघाला. एकट्या इस्ट्रोजेनमुळे अस्तर वाढतच राहते. प्रोजेस्टेरॉनच्या गटातील संप्रेरक त्या वाढीला आवर घालते. म्हणून गर्भाशय असलेल्या स्त्रीला दोन्ही संप्रेरके आणि गर्भाशय काढलेल्या स्त्रीला केवळ इस्ट्रोजेन, अशी रीत पडली. ती आजही पाळली जाते.

७/ १९७७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इस्ट्रोजेनसोबत धोके सांगणारे पत्रक थेट रुग्णाच्या हाती देणे बंधनकारक केले. औषध उत्पादकांची संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेली; स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटनाही तिच्या बाजूने उभी राहिली. स्त्री-आरोग्य चळवळीतील कार्यकर्त्यांनी पत्रकाची बाजू लढवली. १९८० मध्ये न्यायालयाने पत्रक कायम ठेवले. स्वतःच्या औषधाविषयी जाणून घेण्याचा हक्क असा झगडूनच मिळाला.

८/ पुढे संप्रेरके हृदयरोग टाळतात, असा समज दृढ झाला. निरीक्षणांत तसे दिसतही होते. परंतु गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया बहुधा मुळातच सुस्थितीतील आणि आरोग्याबाबत दक्ष होत्या. मग गुण गोळीचा की राहणीचा? हे ठरवण्यासाठी चिठ्ठी टाकल्यागत गट पाडून चाचणी घेणे आवश्यक होते. १९९१ मध्ये बर्नाडिन हीली यांनी 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह'ची घोषणा केली. राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या त्या पहिल्या महिला संचालक.

९/ दोन्ही संप्रेरकांच्या चाचणीत ५० ते ७९ वयाच्या १६,६०८ स्त्रिया होत्या. सरासरी ५.२ वर्षांनी ती थांबवण्यात आली. स्तनाच्या कर्करोगाचा धोका २६ टक्क्यांनी वाढला, ही बातमी जगभर गेली. प्रत्यक्ष आकडा असा: दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला ३० ऐवजी ३८ रुग्ण. पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्या वाढल्या, तर खुब्याचे अस्थिभंग घटले. हृदयरक्षणाचा दावा मात्र टिकला नाही.

१०/ आणखी एक बाब मथळ्यांत हरवली. सहभागी स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. पाळी जाते साधारण पन्नाशीच्या आसपास. २००४ मध्ये केवळ इस्ट्रोजेनची चाचणीही थांबली. तिथे पक्षाघात वाढला होता, स्तनाचा कर्करोग मात्र वाढला नव्हता. २००७ च्या फेरविश्लेषणात वयानुसार जोखमीतला फरक पुढे आला. तोवर गरम वाफांनी हैराण झालेल्या पन्नाशीतल्या अनेक जणींवर उपचाराची दारे बंद झाली होती.

११/ आज गोळी, त्वचेवरील पट्टी, जेल आणि स्थानिक त्रासासाठी योनीमार्गातील अल्प मात्रेचे औषध असे पर्याय आहेत. साठीच्या आतील किंवा पाळी जाऊन दहा वर्षे न उलटलेल्या निरोगी स्त्रीला तीव्र त्रास असेल, तर लाभ बहुधा जोखमीहून अधिक मानला जातो. स्तनाचा कर्करोग किंवा गुठळ्यांचा पूर्वेतिहास असल्यास हिशेब बदलतो.

१२/ नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वेष्टनांवरील चौकटीतले बहुतेक इशारे काढण्याचे जाहीर केले. एक मात्र कायम राहिला: शरीरभर परिणाम करणाऱ्या एकट्या इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाच्या अस्तराला असलेल्या धोक्याचा, म्हणजे १९७५ चाच. १९६६ मध्ये सर्व स्त्रियांना एकच आश्वासन मिळाले आणि २००२ मध्ये सर्वांना एकच भीती. समोरची स्त्री किती वर्षांची आणि तिला त्रास कोणता, हे विचारायचे दोन्ही वेळा राहूनच गेले.