प्रार्थनेचे उत्तर (ख्रिस्ती धर्म)

ख्रिस्ती श्रद्धेनुसार देव प्रत्येक प्रार्थना ऐकतो. मागितलेले मात्र तो देतोच असे नाही. मागणाऱ्याला मिळेल असे आश्वासन येशूने दिले (मत्तय ७:७), पण दुःखाचा प्याला टळावा ही त्याची स्वतःची गेथशेमाने बागेतील विनवणी मान्य झाली नाही. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा प्रार्थना केली. काटा राहिला, तो सोसण्याची कृपा मिळाली (२ करिंथ १२). प्रार्थनेने देवाचे मन पालटत नाही, त्याने प्रार्थनेवाटेच द्यायचे ठरवलेले पदरात पडते, अशी उकल थॉमस अक्वायनस (१२२५–७४) याने केली.

महाराष्ट्रातील ठळक उदाहरण पुणे–सोलापूर लोहमार्गावरील केडगावचे. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरने कोणापुढे हात न पसरता, केवळ प्रार्थनेवर अनाथालये चालवल्याचे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी वाचले होते. १८९६ मध्ये लोणावळ्याच्या मेळाव्यात त्यांच्या आश्रमातील पंधरा मुलींनी श्रद्धेची ग्वाही दिली, तेव्हा त्यांनी या संख्येचा वर्ग, म्हणजे २२५ जणी, देवाकडे मागितल्या. पुढे मध्य प्रांतात दुष्काळ पडला, रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. त्यांनी यात देवाचे उत्तर पाहिले. दुष्काळाला उत्तर म्हणणे अनेकांना पटणार नाही. पण मागणे मागून त्या बसून राहिल्या नाहीत, हेही नोंदवले पाहिजे. १९०५ च्या जानेवारीत केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये सुमारे सत्तर जणींनी रोजची प्रार्थना सुरू केली. जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेवर गेली आणि महिनाअखेरीस तेथील प्रसिद्ध संजीवनाला, म्हणजे सामूहिक धर्मजागृतीला, आरंभ झाला.

सोलापूर हे अमेरिकन मराठी मिशनचे जुने ठाणे. अशा प्रोटेस्टंट परंपरेच्या मंडळ्यांत आजारी, परीक्षार्थी, बेकार यांच्यासाठी मध्यस्थीची प्रार्थना होते, आणि काम झाले की ‘प्रभूने ऐकले’ अशी साक्ष दिली जाते. न झालेल्या कामाची साक्ष सहसा कोणी देत नाही. त्यामुळे साक्षींवरून प्रार्थनेचा हिशेब मांडणे फसवे ठरते. कॅथलिकांत संतांची मध्यस्थी मागण्याची प्रथा आहे. वांद्र्याच्या माउंट मेरीला नवस बोलणारे हात, पाय, घर अशा आकारांचे मेण वाहतात आणि त्यांत हिंदू भाविकही असतात.

अमेरिकेत सहा रुग्णालयांतील १,८०२ हृदयशस्त्रक्रिया-रुग्णांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात परक्यांनी केलेल्या प्रार्थनेचा लाभ दिसला नाही. आपल्यासाठी प्रार्थना होते आहे हे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यात गुंतागुंत उलट थोडी अधिक, ५९ टक्के, आढळली. प्रार्थना न झालेल्या गटात हे प्रमाण सुमारे ५१ टक्के होते. देवाची परीक्षा पाहू नये, या बायबलच्या आज्ञेवर बोट ठेवून अनेक धर्मशास्त्रज्ञ असे प्रयोग मुळातच गैरलागू मानतात.