लांब पल्ल्याच्या शर्यतींतील विक्रम (पुरुष)

मैदानी स्पर्धांत सामान्यतः ३,००० मी. व त्याहून अधिक अंतराच्या धावशर्यतींना लांब पल्ल्याच्या शर्यती म्हणतात. ३,००० मी. स्टीपलचेस (अडथळ्यांची शर्यत), ५,००० मी., १०,००० मी. आणि रस्त्यावरील मॅराथॉन (४२·१९५ किमी.) या त्यांपैकी प्रमुख होत. अंतराचे अचूक मोजमाप, विश्वसनीय कालमापन आणि सर्वांना सारखे लागू असणारे नियम यांची खातरजमा झाल्याखेरीज कोणत्याही वेळेस विक्रम म्हणून मान्यता मिळत नाही. त्यामुळे विक्रमांचा इतिहास हा धावपटूंच्या क्षमतेबरोबरच या अटींच्या विकासाचाही इतिहास आहे. भारतीय व विशेषतः महाराष्ट्रातील धावपटूंच्या कामगिरीचे मूल्यमापनही याच संदर्भात करावे लागते.

प्रारंभ : मैदानी स्पर्धांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची स्थापना १९१२ मध्ये स्टॉकहोम येथे झाली. महासंघाने मान्य केलेल्या पहिल्या विक्रमांत फ्रान्सचा झां ब्वँ (१८८८–१९१४) याची १०,००० मी. शर्यतीतील ३० मि. ५८·८ से. (१९११) व फिनलंडचा हानेस कोलेमाइनेन (१८८९–१९६६) याची ५,००० मी. शर्यतीतील १४ मि. ३६·६ से. (१९१२) या वेळांचा समावेश होतो. मॅराथॉनचे अंतर मात्र दीर्घकाळ अनिश्चित होते. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधील ४२·१९५ किमी. हे अंतर पुढे प्रमाण ठरले आणि १९२४ पासून ऑलिंपिकमध्ये ते कायम झाले.

या अनिश्चिततेच्या काळातच भारतीय धावपटू प्रथम मॅराथॉनमध्ये उतरले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याशी निगडित असलेल्या दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी भारताचा संघ पाठविण्यात आला. त्यातील बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले यांनी मॅराथॉन २ तास ५० मि. ४५·४ से. वेळात पूर्ण करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. अँटवर्पचा मार्ग ४२·७५ किमी. म्हणजे आजच्या प्रमाण अंतरापेक्षा ५५५ मी. अधिक लांब होता. विजेत्या कोलेमाइनेनला त्यासाठी २ तास ३२ मि. ३५·८ से. लागले. चौगुले यांच्या वेळेची नंतरच्या मॅराथॉनमधील वेळांशी थेट तुलना करणे म्हणूनच न्याय्य ठरत नाही.

विक्रमांची वाटचाल : दोन महायुद्धांमधील काळात फिनलंडच्या धावपटूंचे वर्चस्व होते. पाव्हो नुर्मी (१८९७–१९७३) हा हातात घड्याळ घेऊन समान गतीने धावण्याचा सराव करीत असे. १९२४ मध्ये त्याने १०,००० मी. अंतर ३० मि. ६·२ से. वेळात पार केले. ताइस्तो मॅकीने १९३९ मध्ये (२९ मि. ५२·६ से.) या शर्यतीतील तीस मिनिटांची मर्यादा ओलांडली. स्वीडनच्या गुंडर हेगने १९४२ मध्ये ५,००० मी. अंतर १३ मि. ५८·२ से. वेळात धावून चौदा मिनिटांची मर्यादा मोडली. परंतु धावण्याबद्दल पैसे घेतल्याच्या कारणावरून पुढे त्याच्यावर स्पर्धाबंदी आली. नुर्मीलाही याच कारणाने १९३२ च्या ऑलिंपिकला मुकावे लागले होते. हौशी खेळाडूचा हा नियम शिथिल होईपर्यंत अनेकांची कारकीर्द अकाली संपली.

चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक (१९२२–२०००) याने ठरावीक अंतरे वेगाने धावून मध्ये अल्प विश्रांती घेण्याची सरावपद्धती अत्यंत कठोरपणे अवलंबिली आणि १९५४ मध्ये १०,००० मी. शर्यतीत २८ मि. ५४·२ से. ही वेळ नोंदविली. ऑस्ट्रेलियाच्या रॉन क्लार्कने (१९३७–२०१५) १९६५ मध्ये ऑस्लो येथे हा विक्रम २७ मि. ३९·४ से. पर्यंत आणला. अनेक विक्रम नोंदवूनही क्लार्कला ऑलिंपिक सुवर्णपदक कधीच मिळाले नाही. पदकासाठीची शर्यत प्रतिस्पर्ध्यांचे डावपेच ओळखून धावावी लागते, तर विक्रमासाठी आरंभापासून गती राखावी लागते, हा भेद त्याच्या उदाहरणाने स्पष्ट होतो.

१९६० मध्ये इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने (१९३२–७३) रोमची ऑलिंपिक मॅराथॉन अनवाणी धावून २ तास १५ मि. १६·२ से. वेळात जिंकली. त्यानंतर पूर्व आफ्रिकेतील धावपटू अग्रस्थानी आले. उंच प्रदेशातील विरळ हवेत घडलेली शरीरप्रकृती हे त्यांच्या यशाचे एक कारण मानले जाते. केनियाच्या हेन्री रोनोने (१९५२–२०२४) १९७८ मध्ये ८१ दिवसांत ३,००० मी., ३,००० मी. स्टीपलचेस, ५,००० मी. व १०,००० मी. या चारही शर्यतींचे विक्रम मोडले. मोरोक्कोच्या सईद औईताने १९८७ मध्ये ५,००० मी. शर्यतीतील तेरा मिनिटांची, तर केनियाच्या योबेस ओंडिएकीने १९९३ मध्ये १०,००० मी. शर्यतीतील सत्तावीस मिनिटांची मर्यादा ओलांडली. पुढे इथिओपियाच्या हाइले गेब्रसेलासी व केनेनिसा बेकेले यांनी हे विक्रम सुधारले. २०२० मध्ये युगांडाच्या जोशुआ चेप्टेगेने ५,००० मी. (१२ मि. ३५·३६ से.) व १०,००० मी. (२६ मि. ११·०० से.) या दोन्ही शर्यतींचे नवे विक्रम प्रस्थापित केले.

विक्रम सुधारण्याची कारणे : ब्वँ ते चेप्टेगे या १०९ वर्षांच्या काळात १०,००० मी. शर्यतीचा विक्रम ४ मि. ४७·८ सेकंदांनी सुधारला. दर ४०० मी. च्या फेरीस लागणारा सरासरी वेळ सुमारे ७४·४ सेकंदांवरून ६२·८ सेकंदांवर आला. ही सुधारणा केवळ सरावाची नाही. जुन्या मातीच्या व कोळशाच्या राखेच्या धावमार्गांची जागा १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकपासून कृत्रिम पृष्ठभागाने घेतली. ठरावीक अंतरापर्यंत गती राखून देणारे सहधावपटू नेमले जाऊ लागले. चेप्टेगेच्या शर्यतींत धावमार्गाच्या कडेला गतिदर्शक दिवेही होते. पादत्राणांचे तळवे इतके परिणामकारक ठरले, की २०२० मध्ये रस्त्यावरील शर्यतींसाठी त्यांच्या जाडीवर ४० मिमी. ची मर्यादा घालावी लागली.

कोणती मदत ग्राह्य मानावी, हा प्रश्न मॅराथॉनमध्ये अधिक तीव्रतेने उपस्थित होतो. मार्गांमधील फरकांमुळे २००४ पूर्वी मॅराथॉनमध्ये ‘जागतिक विक्रम’ न म्हणता ‘सर्वोत्तम जागतिक वेळ’ असे म्हणत. बॉस्टन येथे २०११ मध्ये केनियाच्या जेफ्री मुटाईने नोंदविलेली २ तास ३ मि. २ से. ही वेळ उताराच्या व एका दिशेने जाणाऱ्या मार्गामुळे विक्रम ठरली नाही. एलिउड किपचोगेने २०१९ मध्ये व्हिएन्ना येथे हे अंतर १ तास ५९ मि. ४० से. वेळात पार केले. परंतु आळीपाळीने बदलणारे सहधावपटू वापरल्यामुळे त्यास मान्यता मिळाली नाही. केल्व्हिन किप्टुमची (१९९९–२०२४) शिकागो येथील २ तास ० मि. ३५ से. (२०२३) ही वेळ मात्र विक्रम म्हणून मान्य झाली.

भारत व महाराष्ट्र : भारतातील राष्ट्रीय विक्रम दीर्घकाळ अबाधित राहिल्याचे आढळते. शिवनाथ सिंग यांची १९७८ मधील मॅराथॉनची २ तास १२ मि. ही वेळ चार दशकांहून अधिक काळ टिकली. ३,००० मी. स्टीपलचेसमध्ये गोपाल सैनी यांचा १९८१ मधील ८ मि. ३०·८८ से. हा विक्रम ३७ वर्षांनी, २०१८ मध्ये भुवनेश्वर येथे अविनाश साबळे यांनी मोडला (८ मि. २९·८० से.). २८ अडथळे व ७ जलउड्या असलेल्या या शर्यतीत वेगाइतकेच उडीचे कौशल्य लागते.

साबळे (१९९४– ) हे बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा या गावचे व शेतकरी कुटुंबातील. ते सैन्यात महार रेजिमेंटमध्ये दाखल झाले व तेथेच त्यांच्या धावण्यास दिशा मिळाली. पुढे त्यांनी अमेरिकेतील कोलोराडो स्प्रिंग्ज या उंचावरील ठिकाणीही सराव केला. बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल स्पर्धेत (२०२२) त्यांनी ८ मि. ११·२० से. वेळात रौप्यपदक मिळविले. सुवर्णपदक केवळ ०·०५ सेकंदाने हुकले. १९९८ ते २०१८ या काळातील सहाही राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाकडे गेली होती. साबळे यांनी हांगजो येथील आशियाई स्पर्धेत (२०२३) सुवर्णपदक जिंकले आणि ७ जुलै २०२४ रोजी पॅरिस येथे ८ मि. ९·९१ से. वेळ नोंदवून राष्ट्रीय विक्रम दहाव्यांदा सुधारला.

जागतिक विक्रमाशी तुलना केल्यास या वाटचालीचे स्वरूप स्पष्ट होते. १९८१ मध्ये सैनी यांची वेळ रोनोच्या तत्कालीन जागतिक विक्रमाहून (८ मि. ५·४ से.) सुमारे २५·५ सेकंदांनी अधिक होती. साबळे यांची २०२४ मधील वेळ इथिओपियाच्या लामेचा गिर्माने पॅरिस येथेच २०२३ मध्ये प्रस्थापित केलेल्या ७ मि. ५२·११ से. या विक्रमाहून १७·८ सेकंदांनी अधिक आहे. चार दशकांत भरून निघालेल्या या सुमारे पावणेआठ सेकंदांमागे धावपटूच्या कष्टांबरोबरच सैन्याचा आधार, उंचावरील सराव व बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांबरोबर वारंवार धावण्याची संधी यांचाही वाटा आहे. १९८१ ते २०१८ या काळात राष्ट्रीय विक्रम एकाच वेळेवर स्थिर राहिला आणि त्यानंतर सहा वर्षांत तो दहा वेळा सुधारला. ग्रामीण महाराष्ट्रातील धावण्याची क्षमता अशा सोयींअभावी किती काळ अज्ञात राहू शकते, याचा अंदाज यावरून बांधता येतो.