मिशनऱ्यांनी पगार द्यायला नकार दिला, तरी चर्च वाढलं: कोरियातली ‘नेव्हियस पद्धत’ काय होती?

दक्षिण कोरियातली भलीमोठी चर्च आणि जगभर फिरणारे कोरियन मिशनरी यांचे व्हिडिओ तुमच्या फीडमध्ये कधी ना कधी आले असतील. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी चित्र उलटं होतं. तेव्हा मिशनरी अमेरिकेतून कोरियात येत होते आणि त्यांच्यापुढे एक साधा पण अवघड प्रश्न होता. इथल्या चर्चचा खर्च करायचा कोणी?

तोपर्यंतची आशियातली सर्वसाधारण रीत अशी होती. एखादा माणूस ख्रिस्ती झाला, जरा हुशार निघाला, की मिशन त्याला महिन्याच्या पगारावर उपदेशक म्हणून ठेवायचं. चर्चची इमारतही परदेशी पैशातून उभी राहायची. यात दोन अडचणी होत्या. परदेशातून येणारे पैसे आटले की काम थांबायचं. आणि शेजारपाजारचे म्हणायचे, याला पगार मिळतो म्हणून हा बोलतोय. अशा पोटासाठी झालेल्या ख्रिस्ती लोकांना इंग्रजीत तर ‘राइस ख्रिश्चन’ असं टोमणेवजा नावच पडलं होतं.

कल्पना जुनी, आणि तिचं एक टोक नगरमध्ये

स्थानिक चर्चने स्वतःचा खर्च स्वतः करावा, कारभार स्वतः पाहावा आणि प्रसारही स्वतःच करावा, ही त्रिसूत्री एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात लंडनचे हेन्री व्हेन आणि बोस्टनचे रुफस अँडरसन यांनी मांडली. दोघेही मोठ्या मिशन संस्थांचे सचिव होते. अँडरसन यांच्याच संस्थेचं ‘अमेरिकन मराठी मिशन’ मुंबई आणि अहमदनगर (आजचं अहिल्यानगर) भागात काम करत होतं. 1854-55 मध्ये ते स्वतः इथे येऊन गेले. इंग्रजी शाळांवर खर्च करण्यापेक्षा गावोगावच्या मंडळ्यांना त्यांच्यातलेच पाळक द्या, असा त्यांचा आग्रह होता. हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली ती याच काळात.

पण ही कल्पना सगळ्यात कडकपणे राबवली गेली ती कोरियात.

दोन आठवड्यांचा पाहुणा

जॉन नेव्हियस हे चीनच्या शानतुंग प्रांतात काम करणारे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनरी. (यानथाई शहराची सफरचंदं आज चीनभर प्रसिद्ध आहेत. तिथे परदेशी फळझाडांची कलमं आणून बाग लावणारेही हेच.) पगारी उपदेशकांच्या पद्धतीला कंटाळून त्यांनी 1885 मध्ये लेखमाला लिहिली. ती कोरियात नव्याने आलेल्या मिशनऱ्यांनी वाचली आणि त्यांना सोलला बोलावलं. जून 1890 मध्ये साठी ओलांडलेले नेव्हियस दोन आठवडे तिथे राहिले. ऐकणाऱ्यांपैकी होरेस अंडरवूड तिशीच्या आसपासचे, बाकीचेही तरुणच.

नेव्हियस यांचं सांगणं थोडक्यात असं होतं. जो माणूस ख्रिस्ती होईल त्याने आपला धंदा सोडायचा नाही. शेतकरी असेल तर शेतीच करायची आणि शेजाऱ्यांना सांगत राहायचं. पूर्णवेळ माणूस हवा असेल तर मंडळीनेच तो निवडावा आणि पोसावा. इमारत गावकऱ्यांनी बांधावी, गावातल्या घरांसारखीच. स्थानिक लोकांना झेपणार नाही असा कोणताही डोलारा उभारायचा नाही.

कोरियातल्या प्रेस्बिटेरियन मिशनने हे धोरण म्हणून स्वीकारलं.

प्रत्यक्षात याचा सगळ्यात जास्त भार स्वयंपाकघराने उचलला. बायका प्रत्येक वेळी भात शिजवताना त्यातला मूठभर तांदूळ वेगळ्या भांड्यात काढून ठेवत आणि तो चर्चला देत. याला ‘सोंगमी’ म्हणत. आपल्याकडच्या ‘मुष्टिफंडा’सारखंच हे. मिझोराममधल्या चर्चमध्येही मूठभर तांदळाची अशीच प्रथा आहे, तिथे तिला ‘बुहफाई थाम’ म्हणतात. ज्यांच्याकडे द्यायला पैसे नव्हते ते दिवस देत. म्हणजे वर्षातले अमुक इतके दिवस मी प्रसारासाठी फिरेन, असं वचन. शेतीची कामं नसताना बायबलचे वर्ग भरत. लोक लांबून चालत येत आणि जेवणाखाणाचा खर्च स्वतःच करत.

सोरे नावाच्या गावात 1895 मध्ये लोकांनी स्वतःच्या पैशातून चर्च बांधलं. पण या गावात ख्रिस्ती धर्म पोहोचला होता तो सो सांग-र्यून या कोरियन माणसामुळे. जिनसेंगचा हा व्यापारी मांचुरियात ख्रिस्ती झाला होता. 1887 मध्ये सोरेचे लोक आपणहून सोलला गेले आणि अंडरवूड यांच्याकडे बाप्तिस्मा मागितला. म्हणजे स्वावलंबन फक्त मिशनऱ्यांनी शिकवलं, असं म्हणणं कोरियन लोकांवर अन्याय करणारं ठरेल.

मग सगळं श्रेय पद्धतीचंच?

इथेच वाद आहे. खुद्द शानतुंगमध्ये नेव्हियस यांचे सहकारी कॅल्विन मटीर यांनी या पद्धतीवर कडक टीका केली. तिचा तिथे टिकाऊ परिणाम झाला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मग तीच पद्धत कोरियात का चालली? एक मोठं कारण राजकीय आहे. चीनमध्ये चर्च म्हणजे पाश्चात्त्य दडपशाहीचा भाग, असं अनेकांना वाटत होतं. कोरियाला गिळणारा देश मात्र जपान होता. त्यामुळे अमेरिकन चर्चकडे लोक शत्रू म्हणून पाहत नव्हते. दुसरं कारण हंगुल लिपी. शिकायला सोपी असल्यामुळे शेतकरी आणि बायकाही बायबल वाचू लागल्या.

शिवाय नियम सगळ्यांना सारखा नव्हता. मिशनऱ्यांचा स्वतःचा पगार अमेरिकेतूनच येत होता. सोलचं सेव्हरन्स हॉस्पिटलही अमेरिकन देणगीतून उभं राहिलं. खर्च स्थानिकांकडे लगेच गेला, कारभार मात्र सावकाश. प्याँगयांगची धर्मशाळा 1901 मध्ये सुरू झाली आणि पहिल्या सात कोरियन पाळकांना दीक्षा मिळाली ती थेट 1907 मध्ये. नेव्हियस यांच्या भेटीनंतर सतरा वर्षांनी! पैसे द्यायला लोक तयार आहेत, तर निर्णय घ्यायला का नाहीत, हा प्रश्न त्या सतरा वर्षांबद्दल विचारायलाच हवा.

त्या सातांपैकी ई की-पुंग यांना चर्चने लगेच जेजू बेटावर मिशनरी म्हणून पाठवलं. 1912 मध्ये कोरियन प्रेस्बिटेरियन चर्चची स्वतःची महासभा स्थापन झाली. त्यानंतर लगेच, 1913 मध्ये, तिने तीन पाळक परदेशी पाठवले. ते गेले चीनला, नेव्हियस यांच्या शानतुंग प्रांतात.