दिनविशेष, २० जुलै : मैदानालगतची तपासणी

१९६८ : शिकागोच्या सोल्जर फील्डवर पहिल्या स्पेशल ऑलिम्पिक्सला प्रारंभ. युनिस केनेडी श्रायव्हर यांच्या पुढाकाराने बौद्धिक अक्षमता असलेले सुमारे हजार खेळाडू मैदानात उतरले. पदकांचे कौतुक झाले, पण त्यांच्या तब्येतीकडे पाहायला बराच काळ गेला. ‘हेल्दी अ‍ॅथलीट्स’ हा मोफत तपासणीचा उपक्रम १९९७ मध्ये सुरू झाला.

त्याची गरज साधी आहे. दात ठणकतो किंवा फळा पुसट दिसतो, हे अनेकांना नीट सांगता येत नाही. मग त्यांची चिडचिड अक्षमतेच्या खात्यावर जमा होते. डॉक्टरही या गल्लतीला अपवाद नाहीत. म्हणून इथे स्वयंसेवक दंतवैद्य, नेत्रतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि त्यांचे विद्यार्थी दात, डोळे, कान, पावले, तोल तपासतात. अक्षरे न येणाऱ्यांसाठी सफरचंद, घर अशा चित्रांचा तक्ता असतो. पायातला बूट मापाचा आहे का, हेसुद्धा पाहतात. शिकाऊ डॉक्टरांचा यात होणारा फायदा खेळाडूंइतकाच मोठा, कारण असा रुग्ण त्यांना एरवी क्वचितच भेटतो.

भारतात हे काम ‘स्पेशल ऑलिम्पिक्स भारत’ करते. २०२२ च्या जागतिक आरोग्यदिनी संस्थेने ७५ शहरांत आरोग्य मेळा योजला होता. बेंगळुरूसारख्या दंत आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या शहरात स्वयंसेवकांचा तुटवडा पडू नये. विद्यार्थ्यांनी संस्थेच्या राज्य शाखेकडे नाव जरूर नोंदवावे.