पंख्यावर उभं राहिलेलं घर: 'अँट फार्म'ची गोष्ट

जत्रेतला 'मिकी माऊस' आठवतोय? तोच, ज्यात पोरं उड्या मारतात आणि मागे ब्लोअर सारखा घूं घूं करत असतो. आज मी ज्या लोकांबद्दल बोलणार आहे, त्यांनी हाच प्रकार घेऊन थेट आर्किटेक्चरशी भांडण काढलं होतं.

साल १९६८, शहर सॅन फ्रान्सिस्को. चिप लॉर्ड आणि डग मायकल्स हे दोन तरुण आर्किटेक्ट एक ग्रुप सुरू करतात. आपण 'अंडरग्राउंड आर्किटेक्चर' करणार, असं ते सांगत होते. त्यावर कोणीतरी म्हणालं, म्हणजे काचेच्या पेटीतल्या मुंग्यांसारखं? झालं, ग्रुपचं नाव पडलं 'अँट फार्म'.

तो काळ लक्षात घ्या. व्हिएतनामचं युद्ध चालू आहे, कॉलेजांमध्ये आंदोलनं पेटली आहेत. या पोरांना वाटत होतं की काँक्रीटची इमारत म्हणजे पैसा, परवानग्या आणि मालकी. मग ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, त्याने बांधायचंच नाही का? त्यांचं उत्तर होतं: पॉलिथीनचा रोल, चिकटपट्टी आणि पंखा.

त्यांची सगळ्यात गाजलेली रचना म्हणजे ५० बाय ५० फुटांची उशी. हो, उशीच! माणसं तिच्या आत शिरायची, लोळायची, गप्पा मारायची.

आता गंमत बघा. ०.१ मिलिमीटर जाडीचं पॉलिथीन चौरस मीटरला साधारण ९२ ग्रॅम भरतं. म्हणजे एवढ्या मोठ्या उशीचा वरचा अख्खा थर जेमतेम २१ किलोचा. तो नुसता उचलून धरायला आतला दाब बाहेरच्यापेक्षा फक्त एक लाखांशाने जास्त हवा. म्हणून साधा पंखाही पुरतो. सांध्यातून थोडी हवा गळली तरी बिघडत नाही, पंखा ती भरून काढतो. खरा शत्रू म्हणजे वारा. ताशी ३६ किलोमीटरचा वारा सुटला की तो जो दाब टाकतो, तो या उचलायच्या दाबाच्या साठ-पासष्ट पट असतो! त्यामुळे उशी फुगवणं सोपं, जमिनीवर धरून ठेवणं अवघड.

प्रयोग करत करत हे जे काही हाती लागलं, ते त्यांनी लपवून ठेवलं नाही. १९७१ मध्ये त्यांनी स्वतःच छापलं 'इन्फ्लॅटोकुकबुक'. नावाप्रमाणे पाककृतीचंच पुस्तक, सुट्या पानांचं. कुठलं प्लास्टिक घ्यायचं, सांधे कसे जोडायचे, पंखा कसा लावायचा, सगळं चित्रं काढून सांगितलेलं. आज आपण यूट्यूबवर 'डीआयवाय' बघतो ना, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

पण मला सगळ्यात जास्त विचारात पाडतो तो २२ एप्रिल १९७०, म्हणजे पहिला वसुंधरा दिन. बर्कलीच्या विद्यापीठात अँट फार्मने एक नाटकच केलं. हवा संपली, आणीबाणी आहे, जीव वाचवायचा तर आत या! आणि आत म्हणजे कुठे? त्यांच्या फुगवलेल्या 'क्लीन एअर पॉड'मध्ये. आता दिवाळीनंतर एअर प्युरिफायरच्या जाहिराती बघताना ते नाटक मला नाटक वाटत नाही. स्वच्छ हवा ही सगळ्यांची की पिशवीत बसू शकणाऱ्यांची, हा प्रश्न त्यांनी तेव्हाच विचारला होता.

अर्थात विसंगतीही तिथेच आहे. पृथ्वी वाचवायच्या दिवशी आसरा कशाचा? प्लास्टिकचा. ते उन्हात कडक होऊन फाटतं, आणि मग उरतो तो कचराच. शिवाय स्वातंत्र्याचं हे घर विजेच्या वायरीला बांधलेलं. पंखा बंद पडला की छत डोक्यावर. त्यात राहून काम करणंही सोपं नव्हतं. 'होल अर्थ कॅटलॉग'च्या मंडळींनी वाळवंटात अशाच फुग्यात बसून एक अंक तयार केला, आणि नंतर संपादक स्टुअर्ट ब्रँड यांचं मत पडलं की मजा म्हणून ठीक, पण राहण्या-काम करण्याजोगं हे नाही.

दुसरीकडे, १९७० च्याच ओसाका एक्स्पोमध्ये फुजी ग्रुपचा भलामोठा मंडप हवा भरलेल्या १६ नळ्यांवर उभा होता. म्हणजे तंत्र कंपन्यांकडेही होतंच. फरक एवढाच, की अँट फार्मने ते कोणालाही जमेल असं करून वाटून टाकलं.

पुढे त्यांनी १९७४ मध्ये टेक्सासात दहा कॅडिलॅक गाड्या नाकावर उभ्या गाडल्या, पण तो वेगळाच विषय. १९७८ मध्ये स्टुडिओला आग लागली आणि ग्रुप थांबला.

त्या उशा टिकल्या नाहीत, टिकली ती कृती. तुम्हाला करून बघायचं असेल तर घरात पडलेलं जुनंच प्लास्टिक वापरा, बाहेर पडायला मोठी फट ठेवा, हाताशी कात्री ठेवा, आणि लहान मुलांना एकटं आत सोडू नका.

पुढच्या भागात भेटूच. तोवर ऐकत राहा!