पॅन अमेरिकनची दुहेरी मागणी, १९५५

विमानकंपनी प्रतिस्पर्धी कारखानदारांपैकी एकाची निवड करते, असे सामान्यतः मानले जाते. लांब पल्ल्याच्या जेट विमानांच्या आरंभकाळास मात्र ‘निवड’ हा शब्द अपुरा पडतो. बोइंगचे नमुना-विमान जुलै १९५४ मध्ये आकाशात उडाले होते. डग्लसचे डीसी-८ पुढील वर्षीही केवळ कागदावरच होते. असे असता पॅन अमेरिकनचे अध्यक्ष हुआन ट्रिप यांनी १३ ऑक्टोबर १९५५ रोजी बोइंगची २० आणि डग्लसची २५ विमाने मागविल्याचे जाहीर केले. तयार विमानाहून कागदी विमानास अधिक मागणी!

यातील मर्म असे की, ट्रिप यांस न थांबता अटलांटिक ओलांडणारे मोठे विमान हवे होते. नमुन्यावर स्वतःचे द्रव्य खर्चिलेल्या बोइंगला आराखडा बदलणे जड जात होते. डग्लसला रेघाच तेवढ्या पुसावयाच्या होत्या. बारा दिवसांनी युनायटेडनेही ३० डीसी-८ मागविली. तेव्हा कोठे बोइंगने नमुन्यातील १३२ इंचांचे धड १४८ इंच रुंद केले आणि पॅन अमेरिकनसाठी अधिक लांब पल्ल्याचा मोठा प्रकारही सिद्ध केला. ग्राहकाने येथे विमान निवडले नाही. दोघांस झुंजवून ते घडवून घेतले.

इंजिनांच्या बाबतीतही ग्राहकाची इच्छा चाले. एअर इंडियाची १९६० मध्ये आलेली ७०७ विमाने अमेरिकी बांधणीची खरी, परंतु त्यांची कॉन्वे इंजिने ब्रिटनच्या रोल्स-रॉइसची होती.